‘नाशकात’, ‘नाशिकात’ की ‘नाशिकमध्ये’: सादृश्यानं बदललेलं रूप कसं ओळखावं

एखादं रूप नेहमीपेक्षा वेगळं कानावर पडलं की शेरा तयारच असतो: ‘चुकीचं आहे’ किंवा ‘हल्ली चालतं’. भाषेच्या अभ्यासाला या दोन्ही शेऱ्यांचा उपयोग नाही. विचारायचा प्रश्न एकच, की बोलणाऱ्यानं हे रूप कोणत्या दुसऱ्या रूपाकडे बघून केलं? त्या दुसऱ्या रूपाला नमुना म्हणू. नमुना दाखवता आला तर बदल सादृश्यानं झाला असं म्हणता येतं. दाखवता आला नाही तर तसं म्हणू नये. पुढची सगळी रीत या अटीवर उभी आहे. ती मराठीचे शिक्षक, विद्यार्थी आणि मुद्रितशोधक यांच्यासाठी लिहिली आहे आणि उदाहरणं शक्य तितकी नाशिकच्या रोजच्या बोलण्यातली घेतली आहेत.

आधी त्रैराशिक मांडा

शाळेतलं त्रैराशिक आठवा. तीन पदं माहीत असतात, चौथं काढायचं असतं. सादृश्याचं गणित तेच आहे. जर्मन अभ्यासक हर्मान पाउल यांनी १८८० मध्ये ही मांडणी पक्की केली आणि आजही पहिलं पाऊल तेच टाकायचं असतं. वहीत चार घरं आखा:

बटाटा : बटाटे
टमाटा : टमाटे

‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून आला तो शेवटी ‘आ’ घेऊनच. त्यामुळे कांदा-कांदे, घोडा-घोडे या रांगेत तो सहज बसला. ‘टोमॅटो’च्या शेवटी ‘ओ’ आहे आणि मराठीत ओकारान्त नामांची रांग जवळजवळ नाहीच. म्हणून ‘एक टोमॅटो, दहा टोमॅटो’. पण बाजारात ‘टमाटा’ झाला आणि ‘टमाटे’, ‘टमाट्याचे भाव’, ‘टमाट्यात’ ही सगळी रूपं एका झटक्यात हाताशी आली. शब्दाचा शेवट रांगेला जुळला की पुढची रूपं कुणी शिकवावी लागत नाहीत. ‘टमाटा’तला ‘मा’ कुठून आला हा प्रश्न वेगळा आहे. आपण फक्त ‘आ’ आणि ‘ए’ यांचा हिशेब करतो आहोत, आणि एका वेळी एकाच बदलाचा हिशेब करायचा असतो.

चार घरं भरताना दोन गोष्टी तपासा. पहिली, डावीकडच्या आणि उजवीकडच्या घरांतलं नातं दोन्ही ओळींत एकच हवं. वर एकवचन-अनेकवचन आणि खाली मूळ-सामान्यरूप असं चालत नाही. दुसरी, नमुना एकटा नको. त्याच्या मागे रोजच्या वापरातले निदान पाच शब्द उभे करता आले पाहिजेत. पाच सापडत नसतील तर नमुन्याशी शब्दाचं अर्थानं काही खास नातं आहे का ते बघा, कारण अशा वेळी एकटा नमुनाही पुरतो. ‘पौर्वात्य’ हा शब्द असाच झाला. संस्कृतात पूर्वेकडचा तो ‘पौरस्त्य’. पण ‘पाश्चात्य’ समोर होता, त्याचे ‘पाश्च’ आणि ‘आत्य’ असे चुकीच्या जागी दोन तुकडे पाडले गेले आणि ‘पूर्व’ला ‘आत्य’ जोडला गेला. विरुद्ध अर्थाची जोडी एकमेकांच्या रूपावर अशी ओढ घेतेच. ‘कोट्यधीश’चं ‘कोट्याधीश’ होतं तेही ‘लक्षाधीश’ शेजारी असल्यामुळे. लक्ष + अधीश यात ‘आ’ संधीनं येतो, कोटि + अधीश यात तो येण्याचं कारण नाही.

पाणिनीच्या ‘पतिः समास एव’ या सूत्रामागेही हेच आहे. नवरा या अर्थाच्या ‘पति’ची षष्ठी ‘पत्युः’ होते. मुनि-मुनेः, कवि-कवेः या रांगेतून तो बाहेर पडून पितुः, मातुः, भ्रातुः यांच्या पंगतीत बसला, कारण तो नात्याचा शब्द. समासात मालक या अर्थानं आला की मात्र ‘भूपतेः’, जुन्या रांगेप्रमाणे. नमुना शोधताना फक्त उच्चार बघून थांबू नका, अर्थाचा शेजारही बघा.

एक बदल जवळून: करील आणि करेल

सादृश्य शिकायला मराठीत याहून चांगलं उदाहरण नाही, कारण हा बदल अजून पुरता संपलेला नाही. जुन्या मराठीत क्रियापदांचे दोन गट होते. बस, उठ, पड यांसारख्या, बहुतेक अकर्मक धातूंना भविष्यकाळात ‘ए’ लागे: बसेन, बसेल. कर, मार, सांग यांसारख्या, बहुतेक सकर्मक धातूंना ‘ई’ लागे: करीन, करील. आता दोन्ही धातूंचा भविष्यकाळ शेजारी शेजारी लिहा.

मी बसेन – मी करीन
आम्ही बसू – आम्ही करू
तू बसशील – तू करशील
तुम्ही बसाल – तुम्ही कराल
तो बसेल – तो करील
ते बसतील – ते करतील

सहा घरांपैकी चार घरांत शेवट तोच आहे. फरक उरला आहे तो फक्त ‘मी’ आणि ‘तो’ या दोन घरांत. सहापैकी चार ठिकाणी जो भेद करावा लागत नाही, तो उरलेल्या दोन ठिकाणी लक्षात ठेवण्याचं ओझं बोलणारा फार काळ वाहत नाही. बसतील : बसेल तसं करतील : करेल. झालं. आज बोलण्यात ‘करेल, मारेल, सांगेल’ सर्रास आहे. ‘करील’ राहिलं आहे ते जुन्या वळणाच्या लेखनात आणि ‘देव बरं करील’ सारख्या ठरून गेलेल्या बोलांत.

ही पडझड काही एकदम झालेली नाही. हा ‘इ’चा गट पूर्वी भूतकाळातही वेगळा दिसे: मारिला, धरिला, सोडिला. वर्तमानातही दिसे: करितो, मारितो. भूतकाळ गेला, वर्तमान गेला आणि आता भविष्यकाळ जातो आहे.

इथे एक खाच आहे. ‘करितो’चं ‘करतो’ हे सादृश्यानं झालं असं ठामपणे म्हणता येत नाही. मधला ऱ्हस्व ‘इ’ उच्चारात गळणं हा साधा ध्वनिबदलही असू शकतो आणि बहुधा दोन्ही कारणं एकत्र लागली. ‘करील’चं ‘करेल’ मात्र ध्वनिबदल असूच शकत नाही. कसं कळलं? शेवटी ‘ईल’ असलेले इतर शब्द तपासा. पाटील, वकील, आतील, वरील हे जसेच्या तसे आहेत, वकिलाचा ‘वकेल’ कुणी करत नाही. ध्वनिबदल उच्चार बघतो, व्याकरण बघत नाही. बदल फक्त क्रियापदात आणि क्रियापदातही एकाच गटात होत असेल, तर कारण सादृश्याचं आहे.

दुसरा संशय हिंदीचा. ‘करेगा’वरून ‘करेल’ आलं असं सुचवलं जातं. तपास सोपा आहे. हिंदीत ‘मी’चं रूप ‘करूँगा’ आहे, त्यातून ‘करेन’ निघत नाही. ‘बसेन’मधून निघतं. एका नमुन्यानं दोन्ही घरं भरतात आणि दुसऱ्यानं एकच भरतं, तेव्हा पहिला नमुना धरावा.

या गटात न अडकणारे धातू वेगळे काढा, नाहीतर मोजणी बिघडते. देईल, जाईल, येईल, खाईल यांत ‘ई’ आहे, पण ती स्वरान्त धातूंची आहे, सकर्मक-अकर्मकाशी तिचा संबंध नाही. राहील, लिहील, पाहील हे ‘ह’वाले धातूही वेगळेच. ‘राहिला’तला ‘इ’ बघून त्याला ‘मारिला’च्या रांगेत टाकण्याची चूक हमखास होते. ‘राह’ अकर्मक आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी ती टळते. हे धातू मोजणीत मात्र जरूर घ्या. ‘लिहेल’ किती जणांच्या तोंडी येतं, यावरून बदल पुढच्या गटात शिरला की नाही ते कळेल.

भूतकाळात ‘तू आंबा खाल्लास’ यातला शेवटचा ‘स’ही सादृश्याचाच. इथे क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं, म्हणून ‘खाल्ला’ एवढं पुरेसं होतं. पण तू गेलास, तू बसलास, तू करतोस यांत ‘तू’बरोबर ‘स’ असतो, तो इथेही येऊन बसला. एकाच क्रियापदावर कर्माची खूण आणि कर्त्याचीही. ‘तुम्ही केलंत’ मधला ‘त’ तसाच. हे रूप आज शुद्ध मराठी म्हणून शिकवलं जातं. सादृश्यानं झालेलं रूप अशुद्धच असतं, या समजुतीला एवढं उदाहरण पुरे.

ध्वनिबदल आधी वेगळा काढा

अमेरिकन अभ्यासक स्टर्टेव्हंट यांचं निरीक्षण या कामात सतत उपयोगी पडतं: ध्वनिबदल नियमानं होतो आणि रूपांत अनियमितपणा पेरतो, सादृश्य मनमानी चालतं आणि रूपांत नियमितपणा आणतं. म्हणून आधी ध्वनिबदलाचा वाटा मोजा, उरलेलं सादृश्याकडे द्या.

नाशिकचंच नाव घ्या. पांडवलेण्यांतल्या १८ क्रमांकाच्या लेण्यात ‘नासिककनं धंभिकगामस दानं’ असा लेख आहे, म्हणजे नाशिककरांनी दिलेलं धंभिक गावाचं दान. तिथे ‘स’ आहे आणि आपण ‘शि’ म्हणतो. मराठीत इ-ई, ए आणि य यांच्या आधीचा ‘स’ तालूकडे सरकून ‘श’ झाला: सिन्दूरचा शेंदूर, सीव्-चं शिवणं. नासिकचं नाशिक त्याच नियमानं झालं. इथे सादृश्य शोधू नका.

याच नियमानं ‘पैसा’च्या पोटात मात्र भेद पेरला. सामान्यरूपात ‘य’ येई, ‘पैस्या’चं ‘पैशा’ झालं. म्हणून पैसा-पैशाला, ससा-सशाला, घसा-घशात. एकाच शब्दात स आणि श. इथून पुढे सादृश्याचं काम सुरू होतं, दोन्ही दिशांनी. एक दिशा: नवा शब्दही याच जोडीप्रमाणे चालवायचा, समोसा-समोशाचा. दुसरी दिशा: मूळ शब्दातला ‘स’ सगळीकडे कायम ठेवायचा, समोस्याचा किंवा सरळ समोसाचा. मिसळीच्या ठेल्यावर कान उघडे ठेवलेत तर ‘रश्शात’ आणि ‘रस्स्यात’ दोन्ही मिळतील, ‘मिसळीचा’ आणि ‘मिसळचा’ही मिळतील. मुद्दाम कुणाला काही न विचारता मिळालेली अशी नोंद फार मोलाची असते.

आता ‘नाशकात’. लाकूड-लाकडाला, माणूस-माणसाला, कापूस-कापसाचा: पहिलं अक्षर दीर्घ आणि उपान्त्य ई-ऊ असेल तर सामान्यरूपात त्या जागी ‘अ’ येतो. अरबीतून आलेला ‘तारीख’ या रांगेत इतका मुरला की ‘तारखेला’ म्हणताना तो परका वाटतच नाही. नाशिकचं ‘नाशकात’ याच रांगेतलं. पण ‘पोलीस’ बघा. पहिलं अक्षर दीर्घ आहे, उपान्त्य ‘ई’ आहे आणि तरी ‘पोलिसांना’च, ‘पोलसांना’ कुणी म्हणत नाही. म्हणजे ‘तारीख’ आला तेव्हा ही रांग नव्यांना आत घेत होती, ‘पोलीस’ आला तेव्हा तिचं दार बंद झालं होतं. ‘नोटीस’नं तर दोन्ही नियम एका शब्दात वेगळे करून दाखवले आहेत: ‘नोटिशीला’ म्हणताना स-श चालतो, ‘नोटशीला’ मात्र होत नाही. स-श अजून जिवंत आहे, ई-अ नाही.

‘नाशिकात’ आणि ‘नाशिकमध्ये’ का वाढत आहेत, याचं उत्तर इथे मिळतं. दार बंद झालेल्या रांगेत फक्त जुने, पाठ झालेले शब्द टिकतात. त्यात गावाच्या नावाचा मूळ उच्चार अखंड ठेवावासा वाटतो, शिवाय ‘नाशिकला’ या रोजच्या रूपात तो अखंडच असतो. नाशिकला : नाशिक यावरून नाशिकमध्ये : नाशिक. ‘नाशकात’ अजून चांगलं वापरात आहे, पण ते आता एकेका शब्दाच्या सवयीवर उभं आहे.

माणसांकडून रूपं कशी काढावीत

‘करील बरोबर की करेल?’ असं विचारलंत की माणूस शाळेत शिकलेलं उत्तर देतो. रूप काढून घ्यायचं असतं, विचारायचं नसतं. अपुरं वाक्य द्या आणि ते पूर्ण करायला सांगा.

सुरुवातीला २४ माणसं पुरेत: पंचविशीच्या आतले ८, चाळिशी-पन्नाशीतले ८, सत्तरीच्या पुढचे ८. प्रत्येकाला ३० वाक्यं. त्यांतली २० तुमच्या कामाची, १० निव्वळ भरतीची, म्हणजे तुम्ही काय शोधताय ते कळणार नाही. भविष्यकाळासाठी कर, मार, सांग, विचार, धर, सोड, टाक, वाच, शिव, काढ हे १० सकर्मक. बस, उठ, चाल, पड, हस हे ५ अकर्मक. दे, जा, राह, लिह, पाह हे ५ वेगळ्या गटाचे. क्रम प्रत्येकासाठी बदला. एका माणसाला साधारण पंधरा मिनिटं लागतात. आवाज नोंदवणार असाल तर आधी परवानगी घ्या.

या कामात पहिल्याच दिवशी एक अडचण येते. ‘उद्या शिंपी काय करेल?’ असं विचारलं तर तुमच्याच प्रश्नात ‘करेल’ गेलं आणि उत्तर त्याच साच्यात आलं. ‘उद्या शिंपी काय करणार?’ म्हटलं तर समोरचा ‘कपडे शिवणार’ म्हणतो आणि तुमचं रूप हातून जातं. उपाय असा: ‘कदाचित’नं वाक्य सुरू करा. ‘कदाचित शिंपी उद्या कपडे…’ इतकं म्हणून थांबा. ‘शिवेल’ किंवा ‘शिवील’ आपोआप येतं. ‘मी’च्या घरासाठी वेगळी वाक्यं ठेवा आणि मोजणीही वेगळी ठेवा. ‘करीन’ आणि ‘करील’ एकाच वेगानं जातील असं धरून चालू नका.

नामांसाठी प्रश्न रोजच्या व्यवहारातले घ्या. ‘नाशिकरोडहून कशात बसून आलात?’ याला रिक्षेत, रिक्षात, रिक्षानं, रिक्षेनं यांपैकी काहीतरी येतं. शाळा : शाळेत तसं रिक्षा : रिक्षेत, हे त्रैराशिक नीट बसतं. ‘रिक्षात’ म्हणणारा मूळ रूप अखंड ठेवतो आहे. दोघांचाही नमुना दाखवता येतो, म्हणून दोन्ही लिहा.

विशेषनामांत तर भेद अर्थापर्यंत पोचला आहे. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि ‘गंगेवर गर्दी आहे’ म्हणतात. त्याच माणसाच्या घरात गंगा नावाची मुलगी असेल तर तो ‘गंगाला हाक मार’ म्हणेल, ‘गंगेला’ नाही. पंचवटीतली सीता ‘सीतेला वनवास’ यातली, शेजारची सीता ‘सीताला’. जुनं रूप मरत नाही, ते नदीकडे आणि देवाकडे सरकतं आणि नवं रूप चालत्याबोलत्या माणसांकडे येतं. पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी १९४० च्या दशकात सादृश्याचे काही नियम मांडले, त्यांतला एक हाच आहे: नवं रूप मुख्य काम घेतं, जुनं एखाद्या बाजूच्या कामापुरतं उरतं.

रांग जिवंत आहे की पाठांतरावर चालली आहे, हे ठरवायला बनावट शब्द वापरा. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी ही युक्ती काढली. मराठीसाठी ‘लाबूड’, ‘टोमूक’ असे शब्द तयार करा, कोशात नाहीत याची खात्री करा, एखादं चित्र दाखवून ‘हा टोमूक. या … शेपटी आहे’ असं वाक्य पूर्ण करून घ्या. ‘टोमकाला’ आलं तर ई-ऊचा नियम जिवंत, ‘टोमुकाला’ किंवा ‘टोमूकला’ आलं तर नाही. निदान सहा बनावट शब्द हवेत. एका-दोघांवरून काही ठरत नाही, कारण ‘लाबूड’ ऐकून कुणाला ‘लाकूड’ आठवतं आणि तो एकट्या त्या शब्दाची नक्कल करतो.

प्रत्येकाची मातृभाषा आणि वाढीचं गाव लिहून घेणं सोडू नका. बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा इथे अहिराणी आहे, सुरगाणा-पेठकडे कोकणा. अहिराणीत ‘घरमा’, ‘घरले’ असं मूळ शब्दाला थेट प्रत्यय लागतो. अशा घरातल्या माणसानं सामान्यरूप टाळलं तर ते मराठीतलं सादृश्य की घरच्या बोलीची सवय, हे एका वाक्यावरून सांगता येणार नाही. त्यांची मोजणी वेगळ्या पानावर ठेवा.

छापील आणि कोरीव पुरावा

आजी ‘करील’ म्हणते आणि नात ‘करेल’, एवढ्यावर बदलाची दिशा सिद्ध होत नाही. दिशा तारखेनं ठरते. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळातले. या दोन थांब्यांवर तुमचा शब्द बघा. मग नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात, संस्था १८४० ची आहे, वेगवेगळ्या दशकांतलं गद्य घ्या. प्रत्येक दशकातून तीन वेगळ्या लेखकांची पन्नास-पन्नास पानं, आणि त्यांतलं लक्ष्य रूप ‘ईल’ की ‘एल’ एवढंच मोजा.

पद्य घेऊ नका. मात्रा जुळवायला कवी ‘मारिला’ ठेवतो, भले बोलताना तो ‘मारला’ म्हणत असेल. छापील गद्यातही मुद्रितशोधकाचा हात असतो. साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. त्यानंतरच्या छापील मजकुरात काही रूपं नियमाला धरून एकसारखी केलेली असतात. पत्रव्यवहार, जमाखर्चाच्या वह्या, लग्नपत्रिकेमागची टिपणं यांत रूपं न सुधारता येतात, ती मिळाली तर सोडू नका.

सर्वात जुना पुरावा मात्र शहराला लागून, त्रिरश्मी डोंगरावरच्या त्याच पांडवलेण्यांत आहे. ३ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला मोठा प्राकृत लेख आहे. त्याची सुरुवात: ‘सिधं रञो वासिठिपुतस सिरिपुळुमायिस’. म्हणजे राजा वासिष्ठीपुत्र श्री पुळुमावीच्या. तिन्ही शब्द षष्ठीत आहेत आणि तिघांची कहाणी वेगळी आहे.

‘पुतस’ हे ‘पुत्रस्य’चं सरळ ध्वनिबदलानं झालेलं रूप. ‘रञो’ हे ‘राज्ञः’चं, म्हणजे जुनी अनियमित षष्ठी तशीच शिल्लक. ‘पुळुमायि’ इकारान्त आहे, मुनि-मुनेः च्या चालीनं त्याच्या शेवटी ‘स’ येण्याचं कारण नव्हतं. तो आला ‘पुतस’सारख्या असंख्य अकारान्त शब्दांवरून. पुत : पुतस तसं पुळुमायि : पुळुमायिस. ‘रञो’नं का दाद दिली नाही? राजाचा शब्द रोजचा. प्रत्येक लेखाच्या पहिल्या ओळीत येणारं रूप पाठच असतं, ते नव्यानं घडवावं लागत नाही. आजच्या मराठीत केला, गेला, आला, झाला हे असेच टिकले आहेत. लहान मूल ‘करलं’ म्हणतं, पण ‘केलं’ दिवसातून शंभरदा ऐकून ते सुधारतं.

वाचन भिंतीवरून स्वतः करण्याच्या फंदात पडू नका. ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडातलं फ्रेंच अभ्यासक सेनार यांचं वाचन हाताशी ठेवा आणि अक्षर त्याच्याशी ताडून बघा. अक्षरांवर खडू फिरवणं, पाणी मारणं, हात लावणं यानं दगड झिजतो. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात कोरलेलं जास्त स्पष्ट दिसतं.

कुठे चुकतं

मोठा गट नेहमी जिंकतो, ही समजूत सगळ्यात जास्त फसवते. ‘कळलं’ नियमित आहे, बसलं-हसलं यांच्या मोठ्या गटातलं. तरी ‘कळालं’ पसरतं आहे. नमुना ‘मिळालं’ आहे: मिळ : मिळालं तसं कळ : कळालं. गळालं, पळालं, जळालं शेजारी आहेतच. यमक जुळणारे चार-पाच शब्द शेकडोंच्या गटावर भारी पडू शकतात. उलट ‘म्हटलं’चं ‘म्हणलं’ होतं ते मोठ्या गटाकडे जाणं आहे, आण : आणलं तसं म्हण : म्हणलं. दोन्ही बदल एकाच माणसाच्या तोंडी सापडतात. म्हणून ‘भाषा सोपी होत चालली आहे’ असा सरसकट निष्कर्ष वहीत लिहू नये.

उलट्या दिशेचं त्रैराशिक विसरलं जातं. ‘येवल्याला’ हे रूप सगळ्यांचं सारखं, पण मूळ नाव ‘येवला’ की ‘येवले’? ‘घोड्याला’वरून घोडा आणि ‘पुण्याला’वरून पुणे, दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, म्हणून दोन्ही नावं चालतात. सटाणा-सटाणे यांचंही तेच. गावाचं नाव मूळ रूपापेक्षा ‘-ला’, ‘-हून’, ‘-चा’ लावूनच जास्त बोललं जातं, तेव्हा मूळ रूपच त्यावरून घडवलं जाऊ शकतं. गावांची नावं तपासताना सामान्यरूप आधी लिहा.

संख्यावाचकांत नमुना अर्थाच्या गटात शोधू नका, मोजणीच्या क्रमात शोधा. ६७ ला ‘सदुसष्ट’ही म्हणतात आणि ‘सडुसष्ट’ही. ‘सप्त’मध्ये ‘ड’चं मूळ नाही, तो पुढच्या ‘अडुसष्ट’कडून आलेला. एकापाठोपाठ एक म्हटले जाणारे आकडे असे एकमेकांना ओढतात.

आणि एकदाच ऐकलेलं रूप नोंदवा, पण मोजू नका. जीभ घसरणं आणि बदल यांत फरक आहे तो पुनरावृत्तीचा. तीन वेगळ्या माणसांकडून, तीन वेगळ्या वाक्यांत आलं की मगच त्याचं कार्ड करा. कार्डावर एवढं असावं:

रूप: कळालं. जुनं रूप: कळलं. नमुना: मिळ : मिळालं. नमुन्याचे साथी: पळालं, गळालं, जळालं. ध्वनिबदल शक्य? नाही, ‘फळलं’, ‘वळलं’ तसेच आहेत. परभाषा? नाही. बोली: माणसागणिक नोंद मागे. पहिला तारीखवार पुरावा: (रिकामं).

शेवटचं घर बहुतेक वेळा रिकामं राहतं. ते रिकामंच ठेवा आणि जुनं छापील पान सापडेल तेव्हा भरा.